पट्टी तरी द्या

कांदा घेऊन मार्केट यार्डात गेलं की लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पिशव्या किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली किती गेली, तोलाई किती गेली, गाडीभाडं किती, आणि शेवटी हातात किती उरले, सगळं त्या चिठोऱ्यावर असतं. २०२३ सालच्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. सगळा खर्च वजा जाऊन त्याला २ रुपये उरले आणि त्या २ रुपयांचा चेक त्याच्या हातात दिला गेला. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, देशभर बोंब झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण ती बोंब कशाच्या जोरावर झाली? पट्टी होती म्हणून. कागदावर आकडा होता म्हणून. शेतकरी बुडाला, पण कसा बुडाला ते लिहिलेलं होतं.

मराठी लेखकाला तेवढाही कागद मिळत नाही.

हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. तीस वर्षं लिहितोय. दोन कवितासंग्रह झाले, एक आठवणींचं पुस्तक झालं. पहिल्या संग्रहाला प्रकाशकानं छपाईचे पैसे आधी मागून घेतले. घरच्या दोन शेळ्या आणि एक बोकड विकून ते भरले. ५०० प्रती छापतो म्हणाला. १०० मला दिल्या. उरलेल्या ४०० चं काय झालं, किती विकल्या, किती वाळवीनं खाल्ल्या, मुळात ५०० छापल्या होत्या का, यातलं मला आजतागायत काही कळलेलं नाही. दोनदा पत्र टाकलं, उत्तर नाही. एकदा समक्ष गेलो. चहा पाजला, "कवितेला गिऱ्हाईक नाही हो काका," म्हणाला, आणि निघताना त्यानंच काढलेलं दुसऱ्या एका कवीचं पुस्तक माझ्या हातात भेट म्हणून ठेवलं. एसटीत बसून ते चाळताना माझ्या मनात एकच येत होतं, ह्या गड्यानं काय विकलं असंल?

सगळे प्रकाशक असे आहेत असं मी म्हणणार नाही. कागदावर करार करणारे, वर्षाच्या वर्षाला हिशोब धाडणारे, दहा-पंधरा टक्के का होईना रॉयल्टी पोचवणारे लोक मराठीत आहेत. पण ते निवडून घेतात. त्यात कादंबरी जास्त, कविता कमी, आणि त्यातही नाव झालेल्या माणसाची. खेड्यातल्या नव्या कवीच्या वाट्याला येतो तो दुसरा. त्याला पुस्तक विकायची गरजच नसते. त्याचं गिऱ्हाईक वाचक नाही, कवीच त्याचं गिऱ्हाईक. कवीनं पैसे भरले की त्याचा धंदा तिथंच पुरा झाला. पुढं पुस्तक दुकानात गेलं काय आन् उंदरांनी खाल्लं काय, त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

असं काही बोललं की शिकलेली मंडळी कानावर हात ठेवतात. साहित्य ही सेवा आहे म्हणतात. सरस्वतीच्या दारात पैशाची भाषा शोभत नाही म्हणतात. मला याची मोठी गंमत वाटते. आमच्या जत्रेत तमाशा ठरवायचा तर आधी सुपारी द्यावी लागते. लग्नातला बँडवाला इसार घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाही. सप्त्यातल्या महाराजांची बिदागी आधी ठरते आणि मग पत्रिकेत नाव छापलं जातं. यात गावाला कधी पाप वाटलं नाही. ढोलकीवाल्यालाही पोट असतं, त्याचीही पोरं शाळेत जातात, हे अडाणी म्हणवणाऱ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कवी आला की मात्र सगळ्यांना एकदम धर्म आठवतो. बँडवाल्याला इसार, तमाशाला सुपारी, कीर्तनकाराला बिदागी, आणि कवीला शाल-नारळ. माझ्या घरात सतरा शाली झाल्यात. एकीनंही थंडी भागत नाही, हात घातला तर पलीकडून दिसतो.

मागं एका शिक्षणसंस्थेनं कवीसंमेलनाला बोलावलं. जायला दोन एसट्या बदलाव्या लागल्या. कार्यक्रम सहाचा होता, पण पाहुण्यांची भाषणं लांबली आणि कवींची पाळी रात्री नऊला आली. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मांडववाल्याची पोरं कडेच्या खुर्च्या गोळा करायला लागलेली. मांडवाचे पैसे दिले, माईकचे दिले, जेवणाच्या कंत्राटदाराचे दिले, हारवाल्याचे दिले. कवींना पाकीट. पाकिटात ५०० रुपये. जाऊन-येऊन माझं भाडंच ४२० झालं होतं. त्याचंही काही नाही. पण पाकीट देताना वहीत सही घेतली, त्या वहीत रकमेचा रकाना मोकळा होता. मी म्हणालो, आकडा लिहा मग सही करतो. पोरगं म्हणालं, "काका, तुमच्याआधी अकरा जणांनी केलीय." मी माझ्या हातानं ५०० लिहिलं आणि सही केली. पुन्हा त्या संस्थेचं बोलावणं आलं नाही.

पैशाचा विषय काढला की बहिणाबाईंचं नाव पुढं करायची एक रीत आहे. बहिणाबाईंनी पैशासाठी लिहिलं का? जात्यावर बसल्या, ओठावर ओवी आली, झालं! अहो, त्यांची गोष्ट पुरी सांगा ना. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली ही बाई. ऐन उमेदीत नवरा गेला. लिहिता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर जे गाणं यायचं ते घरातल्या कुणी, मुलगा सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून राहिलं. सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून त्यांना त्याचं मोल कळलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणजे त्या माउलीनं आपल्या पुस्तकाचं एक पानसुद्धा बघितलं नाही. छापील बाईंचं नाव कसं दिसतं ते त्यांना कळलं नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. चांगली गोष्ट आहे. पण या गोष्टीतून काय शिकायचं? गरिबीत गाणं चांगलं येतं, हे? का मुलगा कवी नसता आणि अत्र्यांसारखा माणूस भेटला नसता तर महाराष्ट्रातली एवढी मोठी कवयित्री राखेसारखी उडून गेली असती, हे? अशा किती गेल्या असतील त्याची गणती कोण करणार? बहिणाबाईंचं नाव फुकटेपणाच्या समर्थनाला वापरणं हा त्यांचा अपमान आहे.

आता जरा नावं घेऊन बोलतो. नावं घेतल्याशिवाय मुद्दा कळायचा नाही. आणि ज्यांची घेतो ती सगळी माझ्या मनात मोठी माणसं आहेत, त्यांची पुस्तकं मी चिमणीच्या उजेडात वाचलीत.

आनंद यादव कागलचे. शाळेत जाण्यासाठी बापाशी केवढं झोंबावं लागलं, ते त्यांनी 'झोंबी'त लिहिलंय. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला. शिकले, पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले. 'पाचोळा' लिहिणारे रा. रं. बोराडे प्राचार्य. खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे, ज्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं, ते देशात आणि देशाबाहेर विद्यापीठांत शिकवत राहिले. 'तणकट'वाले राजन गवस प्राध्यापक. 'बारोमास'वाले सदानंद देशमुख बुलढाण्यात प्राध्यापक. 'पीकपाणी'वाले इंद्रजित भालेराव परभणीत प्राध्यापक. श्रीकांत देशमुख सहकार खात्यात अधिकारी. आसाराम लोमटे पत्रकार. 'रिंगाण'ला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळालेले कृष्णात खोत शिक्षक. बघा नीट ही यादी. मराठीतलं शेतीचं आणि खेड्याचं जे चांगलं लिहिणं आहे त्यातलं केवढं तरी या माणसांचं आहे. आणि यातल्या सगळ्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येणार होता.

पगार असणं गुन्हा नाही. उलट पगार होता म्हणून एवढं लिहून झालं, याचा मला आनंदच आहे. नोकरीत राहून यांनी गावाशी इमान सोडलं नाही. 'बारोमास'मधला शिकून बेकार घरी बसलेला शेतकऱ्याचा पोरगा आमच्या गावात मला घरोघर दिसतो. मुद्दा त्यांच्यावर रोख धरायचा नाहीच. मुद्दा असा आहे, की आपल्या भाषेत शेतीवर लिहायचं असंल तर आधी शेतीतून सुटावं लागतं. पुस्तकातून पैसे येत नाहीत, शेतीतून येत नाहीत, मग राहिली नोकरी. ज्याला ती मिळाली तो लेखक झाला. ज्याला नाही मिळाली त्याच्या वह्या माळ्यावर गेल्या.

कुणी म्हणेल, महानोरांचं काय? अजिंठ्याच्या पायथ्याला, पळसखेड्यात राहिले, शेती केली आणि कविता लिहिली. १९६७ ला 'रानातल्या कविता' आल्या, पुढं 'जैत रे जैत'ची गाणी आली, विधान परिषदेत गेले, पद्मश्री मिळाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. ना. धों. महानोर हा खरा शेतकरी कवी, त्यात मला शंका नाही. पण गेल्या साठ वर्षांत असं दुसरं नाव पटकन सांगा म्हटलं तर माणसं डोकं खाजवतात. एका झाडाकडं बोट दाखवून माळाला राई म्हणता येत नाही. आणि सिनेमाचं दार, आमदारकीचं दार सगळ्या शेतकरी कवींना थोडंच उघडतं? बाकीच्यांनी काय करायचं?

बायांचं तर बघायलाच नको. दौंड तालुक्यात शेती करत लिहिणाऱ्या कल्पना दुधाळ यांच्या संग्रहाचं नाव आहे 'सिझर कर म्हणतेय माती'. हे नाव खुर्चीत बसून सुचायचं नाही, त्याला मातीत हात घालूनच बसावं लागतं. असं लिहिणाऱ्या बाया खेड्यात किती तरी असतील. पण त्यांचा दिवस कसा असतो? पहाटे धार, मग चूल, मग रान, परत संध्याकाळची धार, डेअरीची वेळ गाठायची, परत चूल. प्राध्यापकाला संमेलनाला जायचं तर रजा टाकता येते. म्हशीला रजा कळत नाही. बाई दोन दिवस बाहेर गेली तर तिच्या जागी रोजानं बाई लावावी लागते, तिचा रोज कोण देणार? शाल? निदान प्रवासखर्च आणि बुडालेल्या दोन दिवसांचा रोज पदरात पडणार असंल तर घरचेही म्हणतील, जा बाई. फुकट जायचं म्हटलं की सासूच्या आधी नवराच विचारतो, काय मिळतं गं तिथं जाऊन? आणि त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून ती जात नाही. मग संयोजक भाषणात सांगतात, ग्रामीण भागातून स्त्रिया पुढे येत नाहीत.

यात बुडतं काय, तेही सांगतो, नाहीतर हा नुसता पैशाचा रडगाऱ्हाणा वाटंल.

सोळाव्या-सतराव्या वर्षी गाव सोडलेल्या माणसाच्या मनात गाव त्याच वयाचं राहतं. तो कितीही इमानी असू दे. मोट, बैलं, खळं, आईची चुंबळ, बापाचा पटका, हे सगळं खरं आहे आणि फार चांगलं लिहून झालंय. पण आजचं गाव ते नाही. आज माझ्या गल्लीत पस्तिशी ओलांडलेली, शेती चांगली कसणारी, निर्व्यसनी पोरं बिनलग्नाची आहेत, कारण शेती करणाऱ्याला पोरगी कुणी देत नाही. त्यांच्या आया देवाला नवस बोलतात आणि बाप एजंटाला पैसे देतात. रात्री बाराला लाईट येते म्हणून दारं धरायला जाणारा माणूस आहे, त्याला बिबट्याची भीती आहे. बचत गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढणारी बाई आहे. खुरपायच्या टोळ्या उक्त्यानं घेऊन फिरणारा पिकअपवाला आहे. पीकविम्याचा अर्ज भरणारं सेवाकेंद्र आहे आणि तिथं अंगठा उठत नाही म्हणून दिवसभर बसलेली म्हातारी आहे. बैल तर आता पोळ्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन बघावा लागतो. हे सगळं आज, आत्ता, रोज ज्याच्या डोळ्यासमोर घडतं तो लिहीत नाही, कारण त्याला परवडत नाही.

आमच्या पलीकडच्या गावात एक पोरगा होता. बारावीनंतर शिक्षण सुटलं, चार एकर रान, त्यात दोन जिराईत. रात्रीच्या पाण्यावर त्यानं कविता लिहिल्या होत्या. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात सरीतनं पाणी येतं, ते येताना आधी त्याचा आवाज कसा येतो, वास कसा येतो, मग पायाला गार कसं लागतं, आणि त्या काळोखात एकट्या माणसाला काय काय आठवतं. मी आयुष्यभर दारं धरलीत, पण ते असं मला कधी म्हणता आलं नाही. मीच त्याला म्हणालो, लेका छाप. त्यानं ३५ हजार भरले. पुस्तक निघालं. तालुक्याच्या गावी प्रकाशन झालं, आमदार आले, कवीला दोन मिनिटं बोलायला मिळालं. त्यानंतर ते गठ्ठे त्याच्या घरात आले. वर्षभर तो पिशवीत पुस्तकं घालून शाळा-कॉलेजं हिंडला. सगळे म्हणायचे, छान आहे, एक प्रत भेट द्या. शेवटी पावसाळ्यात घरात ओल आली तेव्हा बायकोनं धान्याच्या पोत्याखाली ते गठ्ठे लावले. आता तो जेसीबीवर ड्रायव्हर आहे. परवा भेटला तेव्हा विचारलं, लिहितोस का रे? हसला. म्हणाला, "काका, तासाचा रेट ठरलेला असतो तिथं. मशीन बंद करायच्या आधी पैसे येतात."

मला त्याला नावं ठेवता आली नाहीत. मी नावं ठेवतो ती या व्यवस्थेला. तिनं एक कवी घालवला आणि तिला त्याचा पत्तासुद्धा नाही.

शहरातल्या कष्टकऱ्यांचं याहून बरं होतं असं नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहिली, त्यांची पुस्तकं रशियन भाषेत गेली, आणि हा माणूस १९६९ साली मुंबईत हलाखीत मेला. वय पुरतं पन्नासही नव्हतं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसवला. पुतळ्याला माझी ना नाही. हारही घाला, जयंतीला बँडही लावा. पण त्या बँडवाल्याला तुम्ही इसार देताच ना?

सरकारचंही तसंच. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना सरकार मानधन देतं, आता ते महिना ५००० रुपये केलंय. ज्यांना मिळतं त्यांना औषधपाण्याला उपयोग होतो, म्हणून त्याला वाईट म्हणणार नाही. पण लिहिण्याच्या वयात त्याच्या लिहिण्याचं मोल द्यायचं नाही आणि हातपाय थकले की मदत द्यायची, याला काय म्हणावं? रोप जळून गेल्यावर पाणी सोडण्यातला प्रकार आहे हा. त्याला त्याच्या वेळेला त्याचं द्या, मग म्हातारपणी सरकारच्या दारात दाखले घेऊन उभं राहायची पाळी त्याच्यावर कशाला येईल?

आता संमेलनाबद्दल. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं धाडलं होतं. जोतीराव गेले नाहीत. पत्र लिहून कळवलं, की शूद्र-अतिशूद्रांच्या हक्काचा विचार ज्यांच्या मनात नाही त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. दोनच वर्षं आधी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला होता. त्या पत्राला आता एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात पुष्कळ बदललं. ज्यांच्या बापजाद्यांना त्या सभेत कुणी पाट मांडला नसता, ते आज व्यासपीठावर बसतात, अध्यक्ष होतात. १९९५ ला परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. हे सगळं कबूल. पण हक्काचा प्रश्न उरलाच आहे. आता तो बसायला जागा देण्याचा राहिला नाही, मोबदल्याचा झालाय. अखिल भारतीय संमेलनाला राज्य सरकारचं अनुदान २ कोटींवर गेलंय. वर्गण्या, देणग्या वेगळ्या. मांडव बघावा, कमानी बघाव्यात, जेवणावळ बघावी. एवढ्या रकमेत सगळ्यात कमी कुणाला मिळत असंल, तर ज्याच्या नावानं हा सगळा घाट घातला त्याला. लिहिणाऱ्याला. लग्नात सगळ्यांची जेवणं झाली आणि नवरदेव उपाशी राहिला, असली ही तऱ्हा.

शेतकरी आठवतो तोही एका ठराविक वेळेला. २०१९ ला यवतमाळच्या संमेलनात उद्‌घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं. केवढा गदारोळ झाला. मग आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या बायकोच्या हातून उद्‌घाटन झालं. ती ताई धीटपणानं बोलली, तिचा मला अभिमान वाटला. पण मी मनाशी म्हणालो, तिची आठवण अडचणीच्या वेळेलाच का झाली? पहिल्या पत्रिकेत तिचं नाव का नव्हतं? दुष्काळ पडला, फासाची बातमी आली, की पेपरवाल्यांचे, चॅनेलवाल्यांचे मला फोन येतात. काका, शेतकरी आत्महत्येवर एखादी कविता द्या ना, संध्याकाळपर्यंत. बी-बियाण्यावर, पाण्यावर, प्रेमावर, नातवावर लिहिलेली कविता कुणी मागत नाही. शेतकऱ्याचं रडणं तेवढं हवं असतं, तेही फुकट. मी सरळ विचारतो, मानधन किती? पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो.

म्हणून माझं मागणं मी साध्या शब्दांत लिहून ठेवतो. काही अवघड नाही.

प्रकाशकांनो, वर्षातून एकदा पट्टी द्या. प्रती किती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक, कमिशन किती गेलं, लेखकाचे किती. २ रुपये निघाले तर २ रुपये लिहा. पण लिहा. आणि लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढत असाल तर ते पहिल्या पानावर छापा, की या पुस्तकाचा खर्च लेखकानं केला. मग वाचकालाही कळंल आणि पुरस्कार देणाऱ्यालाही कळंल, कुणाच्या हिमतीवर पुस्तक उभं राहिलं.

वाचकांनो, शहरातले असा नाहीतर खेड्यातले, भेट प्रत मागू नका. हॉटेलात मटणाच्या ताटाला ३०० रुपये मोजणारा माणूस १५० रुपयांच्या कवितासंग्रहाला "भेट द्या की" म्हणतो तेव्हा मला त्याच्या ताटाची नाही, त्याच्या नजरेची लाज वाटते. आम्ही तुमच्याकडं फुकट चपला मागतो का? फुकट औषध मागतो का? गावातल्या ग्रंथालयवाल्यांनीही अनुदानाचे पैसे खर्च करताना किलोवर मिळणाऱ्या गठ्ठ्यांतून चार पुस्तकं कमी घ्यावीत आणि आपल्या तालुक्यातल्या एका लिहिणाऱ्याचं पुस्तक पुऱ्या किमतीला घ्यावं. सबंध महाराष्ट्रात हजारोंनी ग्रंथालयं आहेत. एकेकानं एकेक प्रत घेतली तरी कवीच्या घरातले गठ्ठे पोत्याखाली जाणार नाहीत.

जे लेखक आज पगारात आहेत, नाव कमावून आहेत, त्यांना माझी विनंती वेगळी आहे. तुम्हाला त्या पाकिटाची गरज नसंल, तरी ते मागा. तुम्ही "मला मानधन नको" म्हणता तेव्हा टाळ्या पडतात, पण त्याच वेळी तुमच्या शेजारी बसलेल्या शेतकरी कवीचं तोंड बंद होतं. मोठ्यानं फुकट आल्यावर धाकट्यानं कसं मागायचं? तुम्ही आमच्यातूनच गेलात. घरातली वडील माणसं बाजारात जशी भाव पाडून देत नाहीत, तसं तुम्ही भाव पाडू नका.

आणि संयोजकांनो, निमंत्रणाच्या पत्रात तीन ओळी वाढवा. मानधन किती, ते एका ओळीत. जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार, ते दुसऱ्या ओळीत. कविता वाचायची वेळ किती वाजता, ते तिसऱ्या ओळीत, आणि ती वेळ पाळा, कारण त्या वेळेच्या हिशोबानं घरी कुणाला तरी धारा काढायला सांगून यावं लागतं. शाल कमी केली तरी चालंल.